आऊटपासवर कारण : कळसूबाई

तुझं गाव कोणतं, असं कुणी विचारलं की मी आधी 'जालना' म्हणते. समोरचा जालन्याचाच निघाला तर 'घनसावंगी'. आणि अगदीच खोलात शिरला तर शेवटी 'जांब समर्थ'. मग ठरलेलं वाक्य येतं, "अरे वा, रामदास स्वामींचं गाव!" आणि त्यापाठोपाठ ठरलेला प्रश्न, "म्हणजे मनाचे श्लोक पाठ असतील तुझे?" नाहीत हो! मी पाचवीपासून जालन्याला कॉन्व्हेंटमध्ये. माझ्या पाठ आहेत त्या सिस्टर लोकांनी शिकवलेल्या प्रेयर्स, आणि मराठीत एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन हे मला अजून बोटांवर मोजावं लागतं. (शुद्धलेखन तपासून द्यायचं संपादक मंडळाने कबूल केलं, म्हणून हा लेख तुमच्यापर्यंत पोचलाय.)

तर मंडळी, विषय असा आहे की जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मी कळसूबाई चढणार आहे. आदल्या रात्री भंडारदऱ्याला तंबूत मुक्काम. आणि सोबत कोणी नाही.

हे शेवटचं वाक्य मी गेल्या दोन महिन्यांत इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता ते मला व्हायव्हामधल्या डेफिनिशनसारखं वाटायला लागलंय. प्रत्येकाची पहिली प्रतिक्रिया एकच, "का गं, कुणी येत नाहीये का?" म्हणजे मी सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी टांग दिली, आणि म्हणून बिचारी एकटी निघाली. असं काही नाही हो. रूममेट यायला एका पायावर तयार होती. मीच नको म्हटलं. (तीन दिवस अबोला. नंतर मॅगीवर तह.)

कारण सांगते. कॉलेजच्या ग्रुपबरोबर मी तीन ट्रेक केलेत. तिन्ही मस्त झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण दर वेळी सगळ्यात पुढे एक दादा, सगळ्यात मागे एक दादा, आणि आम्ही मुली मधे. फाटा आला की पुढचा दादा ठरवणार. पाणी कधी प्यायचं, कुठे बसायचं, कधी उठायचं, तेही तोच ठरवणार. तिसऱ्या ट्रेकहून परत आल्यावर रूममेटने सहज विचारलं, "वाट कशी होती?" आणि मला सांगताच येईना. मला आठवत होती ती माझ्या पुढच्या मुलीची निळी सॅक. पाच तास मी त्या सॅकच्या मागे चालले होते! सर्व्हेइंगमध्ये मला चांगले मार्क आहेत, आणि ज्या डोंगरावर मी स्वतःच्या पायांनी जाऊन आले त्याचा साधा स्केच मला काढता येत नव्हता. तेव्हा ठरवलं की एकदा तरी पुढे कुणाची सॅक नको.

आता डोंगर कोणता? जांबेत हा प्रश्नच येत नाही. आमच्याकडे कापूस, ऊस आणि मोसंबी. जमीन अशी सपाट की डंपी लेव्हल लावली तर रीडिंग बदलायला वेळ लागेल. जवळचं उंच ठिकाण म्हणजे अंबडची मत्स्योदरी देवी. माशाच्या आकाराची टेकडी आणि तिच्यावर देऊळ. लहानपणी तेच माझं एव्हरेस्ट.

हरिश्चंद्रगड डोक्यात होता, पण तिथे वाटा अनेक आणि वरचं पठार मोठं. पहिल्याच खेपेला एकटीनं तिथे धुक्यात सापडायची माझी तयारी नाही. त्यामानाने कळसूबाई सोपी. सोपी म्हणजे चढायला नव्हे, चुकायला अवघड या अर्थाने. बारी गावातून निघालेली वाट मळलेली आहे. कातळाच्या उभ्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, रेलिंग आहे. पूर्वी तिथे नुसत्या साखळ्या धरून चढायचे. आणि शनिवार-रविवारी माणसांची जत्राच असते. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, म्हटल्यावर प्रत्येकाला एकदा तिथे फोटो काढायचाच असतो.

त्या गर्दीवर माझ्या विंगमध्ये चक्क डिबेट झाली. एक पक्ष म्हणाला, एवढ्या गर्दीत जायचं तर एकटी कसली? त्यापेक्षा मंगळवारी जा, डोंगर मोकळा मिळेल. दुसरा पक्ष म्हणाला, मंगळवारी शिडीवरून घसरलीस तर बुधवारपर्यंत कोण बघणार? मी दुसऱ्या पक्षाला मत दिलं. मला डोंगर मोकळा नकोय, डोकं मोकळं हवंय. वाटेत शंभर माणसं असली तरी माझं पाणी किती उरलं हे त्यातलं कोणी मोजणार नाही. आणि पाय मुरगळला तर त्या शंभरातले चार तरी थांबतील. शिडीपाशी रांग लागते म्हणतात. लागू दे, आपल्याला मेसच्या रांगेची सवय आहे.

कळसूबाईची एक गोष्ट सांगतात, ती मला फार आवडली. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली. आधीच अट घातली की बाकी काय सांगाल ते करीन, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एके दिवशी घरच्यांनी नेमकं तेच सांगितलं. तिने केलंही, पण मग रागावून जी निघाली ती डोंगरावर, आणि परत आलीच नाही. जिथे भांडी घासली ते थाळेमेळ, जिथे केर काढला तो काळदरा. शिखरावर छोटं देऊळ आहे ते तिचं. नवरात्रात तिथे यात्रा भरते. म्हणजे या डोंगरावर एकटी जाणारी मी काही पहिली नव्हे!

ही गोष्ट मी आईला मुद्दाम सांगितली. चुकीचा नंबर लागला. आई म्हणाली, "परत आली नाही ना ती? मग?"

आईचं प्रकरण जरा सविस्तर सांगावं लागेल. आमच्या गावात मूल बोलायला लागलं की त्याला कळतं, की इथला नारायण ठोसर नावाचा बारा वर्षांचा मुलगा 'सावधान' शब्द ऐकून लग्नाच्या मंडपातून पळाला. आधी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहिला, मग बारा वर्षं देशभर पायी हिंडला, आणि त्याचे समर्थ रामदास झाले. १६०८ सालचा जन्म. त्यांच्या घराच्या जागी मंदिर आहे, रामनवमीला मोठा उत्सव होतो. मला वाटलं, याहून भारी आर्ग्युमेंट कुठलं मिळणार? मी फोनवर म्हटलं, "आई, आपल्या गावचा बारा वर्षांचा मुलगा एकटा नाशिकपर्यंत पायी गेला, त्याचं मंदिर बांधलं. मी वीस वर्षांची, रेल्वेने चाललेय, तेही दोन रात्रींसाठी!"

आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "त्यांची आई राणूबाई. लेकरासाठी रडून रडून तिचे डोळे गेले. चोवीस वर्षांनी आले ते. ते पण सांग की."

यावर काय बोलणार? गावात सगळे नारायण कसा गेला ते सांगतात. राणूबाईची बाजू मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली, आणि तीही माझ्याच आईकडून.

तरी मी चिवट. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. या वेळी आईकडे नवा मुद्दा तयार होता. तुम्हाला आठवत असेल, २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या राम मंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या. टीव्हीवर, विधानसभेत सगळीकडे जांब समर्थ! दोनेक महिन्यांनी त्या सापडल्या, पण मधल्या काळात गावात सुतक पडल्यासारखं होतं. आई म्हणाली, "देवळात कुलपात देव राहिले नाहीत, आणि तू तंबूत झोपणार? तंबूला कडी तरी असती का?"

तंबूला चेन असते, हे मी सांगितलं नाही.

शेवटी मी वाद घालायचं सोडलं आणि तिला विचारलं, "तुला नेमकी भीती कशाची वाटते, ते एकेक सांग. मी लिहून घेते." आणि खरंच वही घेतली. अकरा मुद्दे निघाले! रात्री रेल्वेत कोण. स्टेशनवरून पुढे कसं. तंबू कुणाचा. शेजारी कोण. संडास कुठे. बिबट्या. पाय मोडला तर. फोन लागला नाही तर. अंधार पडला तर. लोक काय म्हणतील. आणि अकरावा, बऱ्याच वेळाने हळू आवाजात, "स्थळं यायला लागलीत. कुणाला कळलं तर."

पहिल्या नऊ मुद्द्यांवर काम करता येत होतं, म्हणून ते आधी घेतले.

रात्रीची रेल्वे रद्द. दिवसाच्या गाडीने संभाजीनगरहून नाशिकरोड, तिथे मावशी. एक रात्र तिच्याकडे. शनिवारी सकाळी एस. टी. ने घोटी. (बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझं बजेट बघून रूममेटला धक्काच बसला.) घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याला एस. टी. आणि काळीपिवळी मिळते. बारी त्याच रस्त्यावर आधी लागतं, भंडारदरा त्याच्या पुढे. परतीचंही तसंच, उलट्या क्रमाने. रविवारी रात्री पुन्हा मावशी.

मग तंबू. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी गेल्या काही वर्षांत तंबूंची वस्तीच झालीय. पावसाच्या आधी काजवे बघायला मुंबई-पुण्याची झुंबड उडते, आणि थंडीत शनिवार आला की शेकोट्या आणि स्पीकर. मला ते नको होतं. मी पाच ठिकाणी फोन केले. चार जणांनी "एकटी" ऐकल्यावर एक तर दर वाढवून सांगितला किंवा "कपल आहे ना मॅडम?" असं विचारलं. पाचव्या ठिकाणी फोन एका बाईंनी उचलला. मी आधीच सांगून टाकलं, "ताई, मी एकटीच येणार आहे." त्या म्हणाल्या, "ये की. तंबूत कशाला, घरात झोप माझ्या पोरींजवळ." मी म्हटलं, मला तंबूतच झोपायचंय हो, त्यासाठीच येतेय. त्या हसल्या. म्हणाल्या, "बरं, मग तंबू अंगणात लावू. थंडी वाजली की दार वाजव." संडास घराचाच. जेवण त्यांच्या चुलीवरचं. मी त्यांचा आणि आईचा फोन जोडून दिला. दोघी वीस मिनिटं बोलल्या, त्यातली पंधरा मिनिटं तांदळाच्या भाकरीवर. अकरापैकी चार मुद्दे त्या एका फोनमध्ये खलास!

आता चढ. इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला आलं, म्हणून जरा रुबाबात सांगते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशात दोन कंटूरमध्ये २० मीटरचं अंतर असतं. वाटेवर कंटूर मोजत गेलं की कुठे चढ मऊ आणि कुठे उभा ते कागदावरच दिसतं. जिथे रेषा एकमेकींना चिकटल्यात तिथे शिड्या. मी सेकंड इयरला रस्त्याचा काढला होता तसा कळसूबाईचा एल-सेक्शन काढला. जाताना अंतर साधारण साडेसहा किलोमीटर, चढ सुमारे ९०० मीटर.

वेळ काढायला एक जुना नियम आहे. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडलेला. सपाटीवर ताशी ५ किलोमीटर धरा आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवा. साडेसहा किलोमीटरचे ७८ मिनिटं, ९०० मीटरचे ९० मिनिटं, एकूण दोन तास ४८ मिनिटं. पण नेस्मिथसाहेबांनी फोटो काढणारी पब्लिक, शिडीची रांग आणि मेसचं जेवण जमेस धरलेलं नाही. म्हणून मी दीडपट केलं, सव्वाचार तास. फॅक्टर ऑफ सेफ्टी १.५. सकाळी सातला बारीतून निघायचं, सव्वाअकरापर्यंत वर.

आणि बाराला परत फिरायचं. शिखर आलं नसेल तरी. हा प्लॅनमधला एकच मुद्दा असा आहे की ज्यावर मी कुणाचं मत घेतलेलं नाही. रूममेट म्हणाली, "आणि देऊळ समोर दिसत असेल तर? पाच मिनिटांवर?" तरी. जानेवारीत सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, उतरायला तीन तास, म्हणजे हिशेबाने हातात पुष्कळ वेळ उरतो. पण ग्रुपमध्ये 'चल अजून थोडं' म्हणणारा एक असतो आणि 'बास झालं' म्हणणारा एक असतो. इथे दोन्ही मीच. त्यातल्या पहिलीवर माझा फारसा भरवसा नाही, म्हणून दुसरीच्या हातात आधीच घड्याळ दिलंय.

तयारीसाठी डोंगर नव्हता, हॉस्टेलचा जिना होता. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत ७२ पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंटिमीटर, म्हणजे १०.८ मीटर. कळसूबाई बरोबर ८३ वेळा गच्ची! रोज रात्री नऊनंतर मी सॅकमध्ये पुनमियांचे सर्व्हेइंगचे खंड भरून वीस फेऱ्या मारते. आता विंगमधल्या मुली मला 'बाई' म्हणायला लागल्यात, कळसूबाईतली. परवा अठराव्या फेरीला एक फर्स्ट इयरची मुलगी जिन्यात भेटली. म्हणाली, "दीदी, एवढा कसला स्ट्रेस आहे?"

फोन लागला नाही तर, या मुद्द्यासाठी मी एका अमेरिकन माणसाची मदत घेतली. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी '१२७ अवर्स' बघितलाय. २०१० चा, ए. आर. रहमानच्या म्युझिकमुळे का होईना. तो ॲरन राल्स्टन खरा माणूस आहे. एप्रिल २००३ मध्ये तो यूटा राज्यातल्या एका दरीत एकटा उतरला, दगड निसटला आणि त्याचा उजवा हात अडकला. पाच दिवसांनी त्याने स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. लोक त्याच्या हिमतीबद्दल बोलतात आणि ते खरंच आहे. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त लागली, की तो कुठे चाललाय हे त्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. म्हणजे शोधायचं कुठे, हेच कुणाला माहीत नाही.

दुसरं उदाहरण ॲलेक्स हॉनोल्डचं. अमेरिकेतल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये एल कॅपिटन नावाचा कातळ आहे, जवळजवळ ९०० मीटर उभा. कळसूबाईचा अख्खा चढ एका भिंतीत! ३ जून २०१७ ला तो हा कातळ दोराशिवाय एकटा चढला. आम्ही तो सिनेमा लॅपटॉपवर बघितला तेव्हा अर्धी विंग उशीत तोंड खुपसून बसली होती. पण त्याआधी त्याने हाच मार्ग दोर लावून, जोडीदार घेऊन कितीतरी वेळा चढून पाठ केला होता. एकटा चढला तो दिवस एकच, आधीचे कितीतरी दिवस माणसांबरोबरचे. (मी स्वतःची तुलना हॉनोल्डशी करत नाहीये. माझ्याकडे शिड्या आहेत.)

म्हणून माझ्या प्लॅनची एक झेरॉक्स रूममेटकडे, एक मावशीकडे, एक भंडारदऱ्याच्या ताईंकडे. डोंगरावर रेंज सगळीकडे मिळेलच असं नाही, म्हणून वेळा ठरवल्यात. बारीतून निघताना फोन. वर रेंज असेल तर मेसेज, नसेल तर काळजी करायची नाही. दुपारी चारपर्यंत बारीतून फोन. पाचपर्यंत आला नाही तर रूममेटने ताईंना कळवायचं, त्या बारीत कुणाला तरी विचारतील. सहापर्यंत पत्ता नाही तर ११२, आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर. डोंगरात अडकलेल्यांसाठी ठिकठिकाणच्या गिर्यारोहकांना एकत्र आणणारी ही यंत्रणा आहे. तिचा हेल्पलाइन नंबर प्रत्येक ट्रेक करणाऱ्याने फोनमध्ये ठेवावा. तुम्ही ग्रुपने जात असाल तरीही.

आजीने मात्र यातलं काहीच विचारलं नाही. आजी उभा जन्म रानात राबलेली. तिने दोनच प्रश्न विचारले. "वर पाणी कुठं हाय?" आणि "उन्हं कोणच्या अंगानं येत्यात?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे अर्धं होतं. शिखराच्या खाली एक विहीर आहे, पण तिच्या भरवशावर मी जाणार नाही, खालूनच तीन लिटर नेणार. दुसऱ्याचं उत्तर अजिबात नव्हतं! रात्री नकाशा पुन्हा उघडला. कुठल्या टप्प्यावर सकाळी सावली आणि कुठे उतरताना तोंडावर ऊन, ते पेन्सिलीने रंगवलं. दोन महिन्यांत एवढ्या लोकांनी प्रश्न विचारले, पण डोंगराबद्दलचे प्रश्न फक्त आजीचे होते.

इथून पुढे रेक्टर मॅडम. (मॅडम, तुम्हीही हे वाचणार आहात याची मला कल्पना आहे.) आमच्या आऊटपासवर 'कारण' आणि 'सोबत' असे दोन रकाने असतात. मी लिहिलं, कारण : कळसूबाई. सोबत : कोणी नाही. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "सोबतीचा रकाना रिकामा असलेला फॉर्म माझ्याकडे फक्त घरी जाणाऱ्यांचा येतो." मी आईच्या संमतीचं पत्र, मावशीचा नंबर, वेळापत्रक आणि तो एल-सेक्शन समोर ठेवला. त्यांनी एल-सेक्शन सगळ्यात जास्त वेळ बघितला. मग सही करता करता म्हणाल्या, "आम्ही शिकत होतो तेव्हा मला राजगडला जायचं होतं." पुढे काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. मुलांच्या हॉस्टेलचा फॉर्म नंतर एका मित्राकडून मागून बघितला. त्यात 'सोबत' हा रकानाच नाही. एवढं फक्त नोंदवून ठेवते.

राहिले आईचे दोन मुद्दे, दहावा आणि अकरावा. त्यांच्यावर ना एल-सेक्शन चालतो, ना फॅक्टर ऑफ सेफ्टी. लोक काय म्हणतील याचं उत्तर माझ्याकडे नाही. अकराव्यावर मी एवढंच म्हटलं, "आई, ज्या घरी हे कळल्यावर नको म्हणतील, त्या घरी मी गेले असते तर पुढे काय झालं असतं?" आईने "बघू" म्हटलं. आईच्या 'बघू'चे किमान चार अर्थ असतात. हा कुठला, ते मला अजून कळलेलं नाही. पण दोन दिवसांनी संमतीचं पत्र आलं, तिच्या अक्षरात, आणि त्यात 'एकटी' हा शब्द तिने स्वतः लिहिलेला होता. मी तो चार वेळा वाचला.

पप्पा या सगळ्यात कुठे होते? नेहमीप्रमाणे "तुझ्या आईला विचार." पप्पांची मोसंबीची बाग. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यात आमचीही गेली. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. वाळलेली झाडं तोडून ट्रॅक्टरमध्ये भरत होते आणि पप्पा बांधावर पाठ करून बसले होते, एवढं आठवतं. आताची बाग नंतर लावलेली. ती जगते जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी आलं तर.

पत्र आलं त्या रात्री पप्पांचा स्वतःहून फोन आला. हे वर्षातून दोनदा घडतं. म्हणाले, "भंडारदऱ्याला चाललीस म्हणे. प्रवरेवरच्या धरणाला?"

मी म्हटलं हो, विल्सन डॅम, १९२६ ला पूर्ण झालेलं, दगडी, ८२ मीटर उंच, आम्हाला सिलॅबसमध्ये... पप्पांनी मधेच थांबवलं. "ते राहू दे. पाणी आपलंच आहे ते."

आणि मग पप्पा बोलत सुटले! भंडारदऱ्याचं पाणी निळवंड्यात येतं, तिथून प्रवरा पुढे नेवाशाकडे जाऊन प्रवरासंगमला गोदावरीला मिळते, तिथून नाथसागर, तिथून कालवा. भंडारदऱ्यात ११ टीएमसी मावतं, जायकवाडीत १०२. पंधरा ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी सोडायचं असा नियम. २०२३ च्या नोव्हेंबरात कसं सोडायला लावलं. वरचे लोक काय म्हणतात आणि खालचे काय म्हणतात. मी थर्ड इयर सिव्हिल, आणि माझ्या बापाला गोदावरी खोऱ्याचा वॉटर बजेट तोंडपाठ! त्यांनी आयुष्यात भंडारदरा बघितलेलं नाही. रोजच्या पेपरातल्या पाणीसाठ्याच्या चौकटीतून त्यांना ते माहीत.

शेवटी म्हणाले, "त्या बाजूला पाऊस पडला तर आपल्याकडं झाड जगतं. कुठून येतं ते बघून ये. आणि भिंतीवर पट्टी असंल आकड्यांची, पाणी कुठवर आहे त्याचा फोटो काढ. नीट, आकडा दिसंल असा."

म्हणून आता शनिवार दुपारच्या प्लॅनमध्ये एक ओळ वाढलीय. ताईंना फोन करून विचारलं की धरणाच्या भिंतीजवळ कुठपर्यंत जाऊ देतात. त्या म्हणाल्या, माझा मुलगा दाखवील लांबून. सॅकमध्ये कॉलेजची दुर्बीण मागून घ्यायचा विचार आहे. वजन ६०० ग्रॅम. त्यासाठी दुसरं स्वेटर काढावं लागेल का, ते आज रात्रीच्या वीस फेऱ्यांनंतर ठरवते.

(तृतीय वर्ष, सिव्हिल)